अक्षय तृतीयेला गावात : यंदा गेलेल्या माणसांच्या घरी

शुक्रवार

यंदा आमच्या गावातली जुनी माणसं भराभर गेली. पोळा झाल्यावर सुरू झालं ते होळीपर्यंत चालूच, एका घरची तेरवी आटपत नाही तर दुसऱ्या घरून फोन. मी नागपूरला राहते त्यामुळे सगळीकडे जाणं झालं नाही, आणि जिथे गेले तिथे पण काय, पंगतीत बसलं, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, घरच्या बायांना भेटलं, की संध्याकाळची एसटी. आणि बोलणं एकच, "चांगला माणूस होता", "देवमाणूस होता हो". हे ऐकलं की मला आतून कसंतरी होतं. चांगला म्हणजे त्यानं केलं काय? कोणासाठी केलं? ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत नाव, वय, तारीख येते, गावाच्या फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, तो पावसाळ्यात फाटतो, आणि ज्या माणसानं साठ वर्षं गावाचं काही ना काही सांभाळलं त्याचं नेमकं काम कोणीच बोलून दाखवत नाही.

म्हणून दादाशी (माझा चुलतभाऊ, शेती करतो) फोनवर बोलले की अक्षय तृतीयेला मी येते, ज्या घरी यंदा पहिली घागर आहे (वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरून ठेवतात ती) त्या घरी आपण दोघं जाऊ, नीट बसू, विचारू, आणि एका वहीत लिहून घेऊ. दादा लगेच म्हणाला, "ये ना बाई, मी त सांगूनच ठेवतो सगळ्याइले. पण दुपारी नोको फिरू, ऊन लय तापून रायलं."

सकाळी ऑटोने गणेशपेठ स्टँडला जाताना सक्करदऱ्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूनी लाल घागरी मांडलेल्या, त्यांच्या बाजूला डांगरांचे (खरबुजांचे) ढीग, पळसाच्या पत्रावळी. नागपुरात घरं फ्लॅटमधे गेली तरी ही घागर काही सुटली नाही, मला याचं फार बरं वाटतं. एक घागर मी पण घेतली, वहिनी ओरडेल की गावात कुंभार नाही का म्हणून, तरी घेतली.

भिवापूरची गाडी मिळाली, खिडकी मिळाली, डोक्याला दुपट्टा बांधून बसले. दिघोरी सोडलं, पाचगावच्या गिट्टी खदानी, चांपा, मग उमरेडला कोळसा खाणीच्या मातीचे डोंगर. उमरेडच्या पुढे शेजारी एक काका येऊन बसले, कुठली, कोणाची, अशी चौकशी झाली आणि गावाचं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी विचारलं, "मग ते गँगमन काकाजी गेले म्हणे न तुमच्याकडचे?"

गेले ते पौषात. आमच्याकडे इतवारीहून नागभीडला छोटी लाईन होती, इंग्रजांच्या काळातली नॅरोगेज, 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली, ब्रॉडगेज करायची म्हणून. काकाजींनी सगळी नोकरी त्या लाईनवर काढली. हे शेजारचे काका तेव्हा उमरेडला कॉलेजात होते, रोज त्याच गाडीनं जायचे. ते म्हणाले, पावसाळ्यात रूळाखालची गिट्टी वाहून जायची तेव्हा तुमचे काकाजी पहाटे चारला लाईन चालत निघायचे, हातात कंदील, खांद्यावर हातोडा, आणि आमची गाडी यायच्या आधी फाटकाजवळ उभे दिसायचे. ते दिसले म्हणजे समोरची लाईन चांगली आहे, गाडीतले सगळे निवांत. आणि भाजी विकायला नागपूरला निघालेल्या बायांचे टोपले चढवून द्यायला पण तेच. ही गोष्ट त्यांच्या घरच्यांना तरी माहीत असेल का असं मला वाटलं, रात्री जाऊन काकूला सांगितलं तर काकू म्हणाली, "घरी त पाण्याचा गिलास उचलला नाही कधी." आणि मग बऱ्याच वेळानं, "टोपले उचलत होते काय." दोन्ही वाक्यं वहीत लिहिली. काकूनीच लिहायला लावली.

शनिवार

सकाळी सहालाच दादासोबत तलावावर गेले. आमचा तलाव माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे जुने जमीनदार), सगळे म्हणतात तो मामा तलाव. भंडारा-गोंदियाकडे असे हजारोंनी आहेत, आमच्या नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातही बरेच. 1951 ला मालगुजारी गेली आणि तलाव सरकारी झाले, पण पाणी वाटायचं काम गावातल्या माणसांनीच केलं, आणि आमच्या गावात ते केलं तलावाच्या आजोबांनी. त्यांना सगळे तलाव-बुवा म्हणायचे. ते कार्तिकात गेले, धान निसवल्यावर.

आता उन्हाळ्यात पाणी मधे थोडंसं उरलंय, कडेचा चिखल वाळून तडकलेला, पाळीवर मोहाची झाडं. दादानी मला तुडूम दाखवला, म्हणजे पाळीखालून पाणी सोडायची जुनी दगडी जागा, पायऱ्या पायऱ्यांनी भोकं असतात आणि वरून खाली एकेक भोक उघडत जायचं, तलावाचं पाणी उतरत जाईल तसं. भोकाला लाकडी गुड्डा आणि भोवती चिखल-चिंध्या. हे उघडायला माणसाला पाण्यात उतरावं लागतं, छातीभर पाण्यात, पायानं चाचपून भोक शोधायचं, आणि उघडल्याबरोबर पाणी पाय ओढते. बुवा हे काम सत्तरी उलटेपर्यंत करत होते. दादा लहान असताना एकदा त्यांच्यासोबत उतरला होता, बुवांनी त्याच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक मोहाला. स्वतःला कधी बांधला नाही.

पण पाणी सोडणं हे अर्धं काम, खरं काम वाटायचं. हस्ताचा पाऊस दगा देतो आणि धान गर्भात असतो, तेव्हा आठ दिवसात पाणी मिळालं नाही तर वर्ष गेलं. सगळ्यांना एकदमच पाहिजे असते. तलावाजवळच्या बांध्यांना (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांना) पाणी आधी पोचते, नहराच्या शेवटी ज्यांच्या बांध्या आहेत ते बसतात वाट पाहत, आणि त्या शेवटच्या बांध्या बहुतेक गरिबाच्याच असतात. बुवांचा नियम उलटा. आधी शेवटच्या बांधीला पाणी, मग तिथून मागे मागे तलावाकडे यायचं. मोठ्या वावरवाल्यांनी यावरून त्यांच्याशी भांडणं केली, एका वर्षी कोणी रात्री धुरा (वावराचा बांध) फोडून पाणी वळवलं. बुवांनी पोलिसात दिलं नाही, सकाळी भांडण केलं नाही, फोडलेल्या धुऱ्यावर बाज टाकली आणि पुढच्या सगळ्या रात्री तिथेच झोपले, पाणी पुरं होईपर्यंत. ज्याच्या वावरातला तो धुरा होता त्याच्याच घरून रात्री जेवणाचा डबा यायला लागला. हे मला त्याच घरच्या सूनबाईंनी सांगितलं, आणि सांगताना लपवलं काही नाही, म्हणाल्या, "आमच्याच सासऱ्यानं फोडला होता धुरा. डबा मीच नेत होती."

बुवांच्या घरी गेलो तर मुलगा ओसरीवर बसलेला. त्यानी आतून एक खुंटी आणून दाखवली, बाभळीची, हातभर, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खाचा. बुवांना लिहिता येत नव्हतं. कोणत्या बांधीला किती रात्री पाणी लागते ते सगळं त्या खाचांत, मोठी खाच म्हणजे पूर्ण रात्र, बारीक म्हणजे अर्धी. मुलाला त्यातल्या थोड्याच वाचता येतात. दादा आणि तो खुंटी घेऊन बसले, ही अमक्याची, नाही ही त्याच्या खालची, असं करत करत उन्हं चढली. मी मधे बोलले नाही, नुसती लिहीत गेले, आणि नहराच्या डावीकडचा भाग पूर्ण लागला. उजवीकडचा सांगू शकेल असा गावात आता एकच माणूस आहे, आमचे मामाजी, ते लग्नासाठी पवनीला गेलेले.

दुपार नुसती कूलरसमोर. 44 च्या वर तापलेलं होतं, रस्त्यावर कुत्रं पण नाही.

संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 ला गेले, पण आमच्याकडे गावोगावी सामुदायिक प्रार्थना अजून होते, आणि आमच्या गावात खंजिरी वाजवायचे ते भजनी आजोबा माघात गेले. आता त्यांचा नातू वाजवतो, बी.कॉम.ला आहे उमरेडला. पोराचा हात चांगला आहे, पण लय जरा पळते. प्रार्थना झाल्यावर त्यानीच सांगितलं की आजोबा त्याला शिकवताना खंजिरी हातात द्यायचेच नाहीत, आधी महिनाभर टाळ्या, मांडीवर ठेका, आणि गावात कोणी आजारी असेल तर त्याच्या घरी जाऊन भजन म्हणायचं, तिथे खंजिरी वाजवायची नाही, का तर आजाऱ्याला त्रास होते. भजनं म्हणणारे खूप असतात, पण आजाऱ्याकडे खंजिरी घरी ठेवून जायचं हे मला त्यांच्या सगळ्या भजनांपेक्षा मोठं वाटतं.

रविवार, अक्षय तृतीया

वहिनी पहाटेच उठलेली. पुरण शिजलेलं, कुरड्या तळायच्या, कैरीचं पन्हं माठात. नागपूरहून आणलेल्या घागरीला ती काही बोलली नाही, धुतली, भरली, आणि माझ्या आजी-आजोबांच्या घागरीशेजारी ठेवली. आमच्याकडे घागर पाण्यानं भरून तिच्या तोंडावर डांगर ठेवतात, बाजूला पान जेवायला वाढलेलं, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर तूप-भात टाकून पितरांची नावं घेतात. वर्षभरात जे माणूस गेलं त्याची ही पहिली घागर, त्या घरी शेजारपाजारचे येऊन बसतात.

मिरचीवाल्या मायच्या घरी सगळ्यात जास्त बाया. ही माय भिवापुरी मिरचीचं बियाणं राखायची. भिवापुरी मिरचीला जीआय (त्या भागाचाच खास माल अशी सरकारी नोंद) मिळालाय, पेपरात येते, पण शिवारात बघितलं तर हायब्रीडच जास्त, कारण हायब्रीडला उतारा येतो आणि भिवापुरीला भाव पडला की काही हाती लागत नाही. मायनं तरी दरवर्षी घराच्या सांदवाडीत आणि वावराच्या एका पट्ट्यात भिवापुरीच लावली. तिच्या सुनेनं मला बियाणं कसं काढायचं ते करून दाखवलं. पहिल्या तोडीचं नाही, शेवटच्या तोडीचं पण नाही, मधल्या तोडीतली मिरची, आणि ती पण झाडं आधीच हेरून ठेवलेली. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायचं, सावलीत वाळवायचं (उन्हात नाही, विकायची मिरची उन्हात), मग एकेक फळ चिरून बी सुपात. सुनेनं सूप हलकं झटकलं, पोचट बी पुढे उडून गेलं आणि भरलेलं सुपाच्या बुडाशी राहिलं, पिवळं, चपटं. ते राखेत कालवून मडक्यात, वरून कापड, त्यावर शेण-मातीचा लेप. हे करताना तिच्या बोटांना जी आग होते ती दोन दिवस जात नाही, बायांनी आपापले हात दाखवले.

माय लग्नाआधीपासून सातऱ्यावर (मिरची खुडायचं मोठं आवार) मिरचीची देठं खुडायला जायची, आणि तिथेच तिनं ही नजर शिकली, दिवसभर हजारो मिरच्या हातातून जातात तर कोणती जात चांगली हे हाताला कळते, असं ती सांगायची. बियाणं ती विकत नव्हती. ज्या बाईला पाहिजे तिला द्यायची, एकच अट, पुढच्या वर्षी मूठभर परत, आणि ते दुसऱ्या तिसऱ्या बाईला द्यायचं. त्या ओसरीवर बसलेल्या बायांना मी विचारलं की तुमच्याकडे मायचं बियाणं कोणाकोणाकडे आहे, तर एक एक सांगायला लागली, माझ्याकडे आहे, माझ्या बहिणीकडे मांढळला आहे, माझ्या पोरीच्या सासरी पवनीकडे आहे. मी सगळी गावं लिहून घेतली. मायनं स्वतः कधी भिवापूर आणि उमरेडच्या पुढे प्रवास केला नाही, नागपूर तिनं एकदा पाहिलं, मेडिकलमधे (सरकारी दवाखान्यात), शेवटी.

घागरीवर डांगर ठेवताना सून म्हणाली, "माय म्हणे मले, मी मेल्यावर रडजो नोको, मडकं उघडून पायजो." तिनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं, बी चांगलं होतं. यंदा रोप टाकणार आहे.

चार वाजता ऊन उतरल्यावर बौद्ध वस्तीत गेलो. तिथे घागर नसते, आजींचं पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी) फाल्गुनातच झालं, पण दादानी सांगून ठेवलेलं म्हणून त्यांची नात आणि मुलगा थांबले होते. या आजी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होत्या, दहा वर्षांच्या, वडिलांसोबत. आमच्या भागातून लोकं छोट्या लाईनच्या गाडीनं गेले, गाडीत जागा नाही तर बरेच जण बंड्या जुंपून, काही पायी. आजींच्या आईनं ठेवणीतलं जुनं पांढरं लुगडं फाडून मुलीला पोलकं शिवलं, कारण सगळे पांढरे कपडे घालून जाणार होते आणि नवं घ्यायला पैसे नव्हते. आजींना बाबासाहेब लांबून दिसले, वडिलांच्या खांद्यावरून, एवढेसे. पण माईकवरून आवाज आला आणि सगळे एकदम उभे राहिले आणि एका सुरात म्हणायला लागले, तेव्हा त्या पण म्हणाल्या, अर्थ कळत नव्हता तरी. नात म्हणाली की आजी हे सांगताना दरवेळी त्या जागी उभ्या राहायच्या, अगदी शेवटच्या आजारात पण बसून सांगितलं नाही.

यानंतर आजींनी काय केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटते. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकल्या, रोवण्याला (धानाची रोपं लावायला) जायच्या, धान कापायच्या, आणि सकाळी वस्तीतल्या पोरींना हात धरून शाळेत नेऊन बसवायच्या. ज्या घरची पोर लहान भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेली असायची त्या घरचं लहान पोर त्या स्वतः कडेवर घ्यायच्या आणि वावरात न्यायच्या, "पोर माझ्याकडं दे, पोरगी शाळेत जाऊ दे." अशा रितीनं शाळेत गेलेल्या एक बाई आता उमरेडला शिक्षिका आहेत, त्या आलेल्या होत्या मुद्दाम. त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहान भावाला आजींनी पूर्ण एक पावसाळा धुऱ्यावर छत्रीखाली झोपवलं, रोवणा करता करता दर थोड्या वेळानं जाऊन पाहायच्या, त्यावरून मालकाची बोलणी खायच्या. तो भाऊ आता एसटीत कंडक्टर आहे.

त्या घरातून निघताना अंधार पडला होता. दादा घरी येईपर्यंत काही बोलला नाही, मग म्हणाला, आपल्या घरापासून एवढंसं अंतर अन् हे आपल्याले माहीतच नाही. तो हे स्वतःवर घेऊन बोलत होता, पण मला वाटते गावाची रचनाच तशी, कोणाच्या ओसरीवर कोण बसेल हे आधीच ठरलेलं असायचं. अशा वहीनं थोडं इकडचं तिकडे झालं तर मला हवंच आहे.

सोमवार

सकाळी दादाच्या गाडीनं अंभोऱ्याला. वैनगंगेचा संगम, कन्हान येऊन मिळते, वर टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, आणि आता तो मोठा केबलचा पूल, त्यावर सेल्फीवाल्यांची गर्दी. पूल चांगलाच आहे, भंडाऱ्याकडे जाणं सोपं झालं. आम्ही मावसआजीकडे चाललो होतो, म्हणजे तिच्या घरी, ती शिमग्याआधी गेली. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 च्या एप्रिलमधे राजीव गांधींनी केलं, आणि नंतर धरणाचं पाणी मागे मागे चढत आलं तशी कुही, भिवापूरकडची आणि भंडाऱ्याकडची गावं उठली. मावसआजीचं गाव त्यात गेलं. आता नवीन वसाहत, सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट.

तिच्या मुलानी सांगितलं, उठताना सगळ्यांनी दारं-खिडक्या, कौलं, फाटे काढून आणले. मावसआजीनं ते आणलंच, पण आधी ती गावातल्या प्रत्येक घरी गेली आणि विचारलं, तुमच्या शेजारी कोण पाहिजे. प्लॉट सोडतीनं मिळाले, शेजार तुटले, तर तिनं नवीन वसाहतीत फिरून फिरून लोकांचे प्लॉट अदलाबदल करून दिले, राजीखुशीनं, दोन म्हाताऱ्या बहिणी एका भिंतीला आणल्या, एका आंधळ्या बुवाचं घर विहिरीजवळ केलं. हे कुठल्या कागदावर नाही, पण आज त्या वसाहतीत कोण कोणाच्या शेजारी राहते यातलं अर्धं तिनं ठरवलेलं आहे. मुलानी चालत चालत घरं दाखवली, हे बदललं, हे पण. मी वहीत नकाशाच काढला.

जेवून उमरेडला आलो, दादानी एसटीत बसवून दिलं. वही त्याच्याकडेच ठेवली, मी मोबाइलवर पानांचे फोटो काढून घेतले. गाडी चांप्याला आली असेल, मामाजींचा फोन. पवनीहून परत आले होते, दादानी खुंटीचं सांगितलं होतं.

"बाई, ते उजव्या अंगाच्या खाचा मी सांगतो, पण एक लिहिलं काय तुम्ही? खुंटीच्या बुडाशी एक आडवी खाच आहे पाय."

मी फोटोत पाहिलं, होती.

"ते कोणाच्या बांधीची नोय. नहराच्या शेवटी मसणाजवळ ढोरं पाणी पितेत तो डबरा. बुढा दरसाल एक रात्र त्याले देत होता. लिहून घ्या."

लिहून घेतलं.